वीतभर कापड

"अवं, मले येते ना! आमच्या उमरेडच्या आळीत होते माग," असं म्हणून मयुरा त्या परक्या बाईच्या हातमागावर बसलीसुद्धा.

हेरामाया त्या बाईचं नाव. नेपाळातल्या भक्तपूर नावाच्या जुन्या नेवार शहरात, एका अरुंद गल्लीतल्या तळमजल्यावर तिचा माग होता आणि दाराशी आज अचानक नागपूरच्या अकरा बाया, एक शिट्टीवाला टूर मॅनेजर आणि दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली ही पोरगी येऊन उभी राहिली होती. इतक्या दूरच्या पोरीला माग येतो म्हटल्यावर तिला कोण आनंद! ती उठून बाजूला झाली आणि म्हणाली, "बैठो, बैठो."

मागावर काळंभोर सुती कापड ताणलेलं, त्याला लालबुंद काठ. मयुरानं आडवा धागा नेणारा धोटा हातात घेतला, पावडीवर पाय ठेवला आणि मान वळवली. "चारुशीलाताई, व्हिडिओ काढा ना माझा!"

पहिला धोटा सुळकन गेला. दुसराही गेला. बायांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या वेळी मयुरा मोबाइलकडे बघून हसत होती, त्यामुळे धोटा अर्ध्यातच अडकला ते तिला दिसलं नाही. तिनं पावडी दाबली, वीण ठोकणारा फणीचा हात्या दणक्यात ओढला.

गरम तेलात मूठभर मोहरी पडावी तसा आवाज झाला. तडतड तडतड तड.

मग काहीच नाही. काळ्या ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, लाल काठापासून आत हातभर रुंदीचं भगदाड पडलं होतं आणि तुटलेल्या धाग्यांची टोकं दोन्ही बाजूंना केसांसारखी लोंबत होती. चारुशीलाताईंच्या मोबाइलमध्ये सगळं आलं होतं, पण त्यांनी तो हळूच पर्समध्ये टाकला.

दाराशी अकरा जणींच्या पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या सांभाळत उभी असलेली मयुराची सुभद्राआत्या तेवढी बोलली. "अडकल्या धोट्यावर हात्या मारला वं पोरी. ताणा खाल्ला ना त्यानं."

गेल्या डिसेंबरपर्यंत मयुरा वर्गात हजेरीलासुद्धा पुटपुटायची. मग शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐनवेळी निवेदन करायची पाळी आली, सभागृहानं दाद दिली, आणि तिथून जी तिची गाडी सुटली ती थांबायचं नावच घेईना. गोरखपूरच्या गाडीत तिनं अख्ख्या डब्याला भेंड्या खेळायला लावल्या. सकाळी भक्तपुरात बसमधून उतरल्यापासून तीच गाइड. पाच छपरांच्या उंच न्यातपोल देवळाच्या पायऱ्यांवर तिनं भाषण ठोकलं की, सर्वांत खाली पैलवान, त्यांच्याहून दहापट जोर हत्तींचा, हत्तींहून दहापट सिंहांचा, असं करत करत वर देवीपर्यंत जायचं. "आणि मी कोणत्या पायरीवर?" असंही विचारून झालं. बाया हसून हसून दमल्या. दत्तात्रयाच्या देवळामागची लाकडात कोरलेली मोराची खिडकी दाखवून परतताना तिला खटखट ऐकू आली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तिनंच सगळ्यांना या गल्लीत वळवलं होतं.

ती मागावरून उतरली. "आंटी, मैंने तोडा. मेरी गलती है. पूरी मेरी."

हेरामाया रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली, तुटकी टोकं हातावर घेऊन बघत राहिली आणि मोडक्या हिंदीत सांगू लागली. ही साडी तिच्या आईची. त्यांच्यात माणसाला सत्त्याहत्तर वर्षं, सात महिने, सात दिवस पूर्ण झाले की जंकू करतात, म्हाताऱ्या माणसाला देवासारखं रथात बसवून मिरवतात. आईचा दिवस नऊ दिवसांवर आला होता. काळी साडी, लाल काठ, तीही लेकीच्या हातची, असं आईचं म्हणणं. धागे जोडायचं काम हेरामायाची मुलगी करायची, पण ती जपानला गेली. आता एकटीनं हे सगळं जोडायचं म्हणजे चार दिवस. उरलेल्या पाचांत साडी होणं शक्य नव्हतं.

"बाजार की पहनेगी माँ," ती म्हणाली. "क्या करेगा."

चारुशीलाताई बँकेतून निवृत्त झालेल्या, हातात घेतलं ते निस्तरायचं अशा स्वभावाच्या. त्यांनी पर्स उघडली. हेरामायानं नुसती मान हलवली. पर्स बंद झाली.

टूर मॅनेजर उन्मेष घड्याळ बघत म्हणाला, "चला ना बाप्पा. झालं ते झालं. अजून राजवाडा राहिला, दही खायचं राहिलं. बस तीनले निघते म्हणजे तीनलेच निघते."

कोणी हललं नाही. आणि मयुरानं वळून आत्याकडे पाहिलं.

सुभद्राआत्यानं दोन्ही हात पदराखाली घेतले.

ही सहल खरं तर आत्याची नव्हतीच. तिकीट मयुराच्या आईचं, दिपालीचं. दिपाली नर्स, ऐनवेळी रजा नामंजूर झाली आणि जागा वाया जाऊ नये म्हणून आत्याला गाडीत बसवलं. आत्याचं सगळं आयुष्यच तसं कुणाच्या तरी जागी गेलेलं. उमरेडच्या विणकर आळीत तिनं तीस वर्षं दुसऱ्यांच्या मागांवर धागे सांधले. एक साडी संपली की जुन्या ताण्याची टोकं नव्या ताण्याला जोडायची, हजार-दीड हजार धागे, एकेक करून. विणलं मात्र तिनं कधी नाही. "सुभद्राबाईले बोलवा," म्हटलं की ती जायची, मांडी घालून बसायची, संध्याकाळी उठायची. मयुरा लहानपणी तिच्या पाठीला टेकून झोपायची.

मग आळीत एकच माग उरला आणि त्याच वर्षी आत्याला चिकनगुनिया झाला. ताप गेला, पण बोटांची टोकं बधिर झाली. त्या शेवटच्या मागावर बसली तेव्हा वीस धागे सांधले, त्यातले नऊ तुटले. विणकर भला माणूस. "राहू द्या सुभद्राबाई, मी पाहून घेतो," एवढंच म्हणाला. ती उठली, भावाकडे नागपूरला आली आणि पाच वर्षं सीताबर्डीच्या एका दुकानासाठी साड्यांना फॉल लावत बसली. धाग्याला धागा म्हणून तिनं पुन्हा लावला नाही.

"आत्या," मयुरा म्हणाली.

"नाई वं."

"तू नाही म्हणशील तं कोण करीन?"

"मले नाई जमत आता. पाह्यलं ना मी. अजून तुटले म्हणजे? बिचारीचं आहे तेही जाईन."

"आहे ते गेलंच आहे की! माझ्यानं गेलं. तू कितीही तोडले तरी माझ्याइतके तं नाही तोडू शकत!"

एरवी कुणीतरी हसलं असतं. आत्या मयुराकडे बघत राहिली. मग तिची नजर हळूच त्या भगदाडाकडे वळली आणि तिथंच थांबली. ओठ हलायला लागले. ती धागे मोजत होती.

"तीनशे तं असतीन," ती स्वतःशीच म्हणाली. खांद्यावरच्या पिशव्या एकेक करून खाली ठेवल्या. साडीचा काष्टा मारून घेतला. "राख पायजे. बारीक. राखेशिवाय बोट धरत नाई."

हेरामायाकडे गॅसची शेगडी. शेजारीही गॅसच. पण ती बोट दाखवत म्हणाली, "कुम्हार के पास है. नीचे, चौक में."

पुढचं ऐकायला मयुरा थांबली नाही.

काय धावली ती! सकाळी हेच शहर तिनं ऐटीत, हातवारे करत दाखवलं होतं. आता ते तिच्या दोन्ही बाजूंनी सुसाट मागे पळत होतं. विटांची गल्ली, लसणाच्या जुड्या टांगलेल्या खिडक्या, पटाशीनं लाकडात पानं कोरणारा सुतार, कोपऱ्यावर शेंदरानं माखलेला गणपती. त्याला तिनं पळता पळताच नमस्कार केला. न्यातपोलपाशी ती पोचली. पैलवान, हत्ती, सिंह सगळे पायऱ्यांवर बसून तिच्याकडे बघत होते. "आली आली, थांबा," असं काहीतरी ती त्यांनासुद्धा म्हणाली. उतारावरून खाली सुटली आणि एकदम उघड्यावर आली. चौकभर मातीची भांडी उन्हात रांगेनं मांडलेली, फेरी मारायला जागा नाही इतकी, आणि कडेला विझलेल्या भट्टीवर गवताच्या राखेचा मऊ, पांढुरका ढीग.

चाकावर एक म्हातारे कुंभार बसले होते. "बाबा, राख! राख चाहिए!"

त्यांना कळेना. मयुरानं मूठभर राख उचलून दाखवली, मग दोन बोटांत नसलेला धागा धरून पीळ दिला. म्हाताऱ्यांचा चेहरा उजळला. त्यांनी दह्याचं एक नवंकोरं मडकं घेतलं, राख हातानं चाळून काठोकाठ भरली आणि वर हाताचा पंजा ठेवून खुणेनं बजावलं, सांडू नको.

परतताना न्यातपोलपाशी उन्मेष भेटला. राखेचं बोलणं झालं तेव्हा तो बाहेर ड्रायव्हरशी फोनवर होता आणि आता पोरीला शोधायला निघाला होता. तिचा घामाघूम चेहरा, छातीशी धरलेलं मडकं, आत राख. तो जागीच थबकला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"कोणाची?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"कुंभाराची!"

"अरे देवा! आता तर चांगला होता म्हणे तो!"

"भट्टीची राख आहे दादा!" मयुरा ओरडली आणि पुढे पळाली.

आत्या मागापाशी मांडी घालून बसलीच होती. तिनं राखेत बोटं बुडवली, एक तुटकं टोक उचललं, त्याला नव्या धाग्याचा तुकडा लावला आणि पीळ दिला. हलकेच ओढून पाहिलं. तुटला. दुसरा घेतला. तोही तुटला. तिसरा सुटून आला.

दाराशी उभ्या बाया अजून जवळ सरकल्या.

आत्यानं हात मांडीवर ठेवले. "समजतच नाई वं," ती मयुराला म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. "धागा बोटात हाय का नाई, समजतच नाई."

मयुराला खूप बोलावंसं वाटलं. सभागृह जिंकणारं काहीतरी. पण डिसेंबरनंतर पहिल्यांदाच तिला कळलं की आता तोंड उघडायचं नाही. तिनं नुसता चौथ्या धाग्याचा तुकडा कापला आणि आत्यासमोर धरला.

आत्यानं तो घेतला. या वेळी बोटाच्या टोकांत नाही. तर्जनीच्या कडेवर, पेराच्या बाजूला तिनं दोन्ही टोकं ठेवली आणि अंगठ्याचं मूळ त्यावरून फिरवलं. थांबली. पुन्हा फिरवलं. तिच्या भुवया वर गेल्या.

"इथं समजते," ती म्हणाली.

तिनं ओढून पाहिलं. धागा तुटला नाही. अजून जोरात ओढला. नाही तुटला.

"दे," आत्या म्हणाली. "दे लवकर. पाहून काय राहिली?"

मग जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. मयुरा तुकडे कापून द्यायची, आत्या तुटक्या टोकाला सांधायची, हेरामाया तो धागा फणीच्या घरातून ओवून घ्यायची आणि आत्याच पुन्हा पुढं होऊन त्याची कापडाकडची गाठ घालायची. पहिले दहा सावकाश, मग पन्नास, मग आत्याचा हात असा चालू लागला की तुकडे कापणारी मयुरा मागे पडली. "कात्री चालव, जीभ नोको," आत्या म्हणाली, आणि मयुरा तर बोलतही नव्हती!

राजवाडा पाहायला कुणीच गेलं नाही. चारुशीलाताईंनी काळ्या धाग्याची लडी स्वतःच्या दोन्ही हातांवर चढवून घेतली आणि तशाच उभ्या राहिल्या. बँकेत तीस वर्षं सगळ्यांना रांगेत उभं करणारी बाई, आता खुंटी झाली होती. गल्लीतल्या बाया दारात गोळा झाल्या. कुणीतरी शेवाळी रंगाची पोत घातलेली म्हातारी आत आली, आत्याच्या हातांकडे बराच वेळ बघत राहिली, आणि बाहेर जाऊन आपल्या भाषेत चौघींना काहीतरी सांगून आली. मग त्या चौघीही आल्या.

दीड वाजता उन्मेष मातीच्या भांड्यांतून घट्ट, गोड दही घेऊन आला. आत्याचे हात राखेनं भरलेले. तेव्हा त्यानं स्वतः चमचा धरला.

"आ करा काकू."

"ठेव ना गा बाजूले, खाईन मी मंग."

"मंग कवा? बस तीनले हाय. आ करा."

आत्यानं धाग्यावरची नजर न काढता आ केला. तीन चमचे झाल्यावर म्हणाली, "बम गोड हाय," आणि दोनशे अकरावा धागा सांधला.

तीनला पाच कमी असताना शेवटचा धागा उरला. तो काठाजवळचा लाल होता. आत्यानं तो सांधला, ओढून पाहिला, आणि हात झटकले. तीनशे बारा.

"बस वं माय," ती हेरामायाला म्हणाली. "फेक धोटा."

हेरामाया मागावर बसली. तिनं आधी हात जोडले. पावडी दाबली, धोटा फेकला, अलीकडून पलीकडे गेला तो बघितला, मगच हात्या ओढला.

खट.

सगळे वाकून बघत होते. एकही धागा तुटला नाही.

खट. खट. खटाखट.

मयुरानं अशी किंकाळी मारली की गल्लीतली कबुतरं उडाली. चारुशीलाताई लडीत अडकलेल्या हातांनीच नाचल्या. उन्मेषनं शिट्टी वाजवली, निघायची नाही, नुसती वाजवली, लांबलचक. शेवाळी पोतवाल्या म्हातारीनं आत्याचे राखेचे दोन्ही हात धरून स्वतःच्या कपाळाला लावले आणि आत्या "अवं अवं, काहून असं" म्हणत लाजून लाल झाली.

"सुभद्राबाई, तीस वर्षं हे करत होतात, कधी बोलला नाहीत!" चारुशीलाताई म्हणाल्या. "किती साड्यांत असेल हो तुमचं काम!"

"एकाही नाई," आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

"सांधा दोन साड्यांच्या मधात येते ना ताई. ही संपली, दुसरी लागली, त्याच्या मधात. थो वीतभर तुकडा कापून फेकतात. दिवे पुसाले कामी येते." हे सांगताना तिला काही वाईट वाटत होतं असं नाही. कामाची रीतच तशी, असं तिनं सांगितलं, एवढंच.

मयुरानं मागाकडे पाहिलं. इथं एक साडी संपून दुसरी लागत नव्हती. ही अर्धी साडी होती. इथं कापायचं काहीच नव्हतं.

तिनं हेरामायाला विचारलं, "आंटी, ये जोड कहाँ आएगा? पहनने के बाद?"

हेरामायानं हात न थांबवता मनात साडी नेसवून पाहिली. मग स्वतःच्या गुडघ्याच्या जरा वर थाप मारली. "यहाँ. माँ रथ में बैठेगी ना, हाथ यहाँ रखेगी."

आत्या फणीच्या जवळ सरकली.

"चला काकू," उन्मेष दारातून म्हणाला. "तीन वाजून गेले."

"हौ," आत्या म्हणाली, पण उठली नाही. तिचं लक्ष फणीवर होतं. सांध्यांची ओळ फणीतून पुढं सरकत होती, करड्या ठिपक्यांची रांग, वाकडीतिकडी. खट. पहिले काही काळ्या विणीत शिरले. खट. आणखी काही.

उन्मेषनं घड्याळ पाहिलं, आत्याकडे पाहिलं, शिट्टी खिशात घातली आणि उंबऱ्यावर बसला. चारुशीलाताई बसल्या. एकेक करत सगळ्या बाया जिथं जागा मिळेल तिथं बसल्या. मयुरा आत्याच्या पाठीला टेकली.

वीस मिनिटं लागली. लाल काठाचा शेवटचा सांधा कापडात आला. सांध्यांची ती वीत पुढच्या दांडीपाशी पोचली, वळली आणि खालच्या गुंडाळीवर चढली. हेरामाया विणत राहिली. हळूहळू त्या गुंडाळीवर नव्या कापडाचा एक वेढा बसला, काळा, सलग, आणि सांधे दिसेनासे झाले.

तेव्हा सुभद्राआत्यानं गुडघ्यावर हात टेकला, उठली आणि चपला घातल्या.